गप्प आहे त्याच्याकडे आधी

संत्र्याच्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसतं, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी मान्य करून टाकलं आहे. मार्गशीर्षात अकोल्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले, की बायको माझ्याशी जरा जपून बोलायला लागते. दवाखान्यातला कंपाउंडर बाहेर बसलेल्या पेशंटांना हळूच सांगतो, 'आज साहेबाचा मूड बराबर नाही, औषध घ्या अन् निघा.' लष्करात माझे कान बरेच खराब झाले, पण हे असलं सगळं मला नेमकं ऐकू येतं.

काल बायकोनं टोपलीभर संत्री आणली. ती अमरावतीची, त्यामुळे संत्र्याच्या बाबतीत तिला कोणी शिकवायचं नसतं. 'वरुडकडची आहेत, साल सुटी आहे बघा,' म्हणाली आणि एक माझ्या हातात दिलं. साल खरंच सुटी होती. अंगठा लावला तशी ती अलगद निघाली आणि तिचा तो तिखट, ओला वास उडाला. मी फळ तसंच ताटलीत ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसं एकमेकांना अंगणात उभं राहू देतात.

मला वासुदेवची आठवण येते. आठवण येते म्हणजे काय, तर फार येते. ही गोष्ट एकसष्ट सालची. आता एकोणसत्तर सरत आलं, पण त्या आठवणीला वर्षं गेल्याचं कोणी सांगितलेलं दिसत नाही.

लष्करात मी डॉक्टर कमी आणि मास्तर जास्त होतो. आमचे आजोबा अकोल्यात भिक्षुकी करत, वडील वकिली करत. म्हणजे घराण्यात सगळ्यांचं पोट तोंडावर. मी मोठ्या ऐटीत फौजेत गेलो आणि तिथंही शेवटी बोलण्याचंच काम वाट्याला आलं. नव्यानं भरती झालेल्या शिपायांना जखमा बांधायला, रक्त थांबवायला, स्ट्रेचर उचलायला शिकवायचं. शेतावरून, गुरांमागून आलेली पोरं असायची ती. काहींनी त्याआधी आयुष्यात कात्री धरली नव्हती. मी त्यांच्यावर खेकसायचो. मागून ती माझी नक्कल करायची, तेही मला माहीत होतं.

वासुदेव त्यातलाच एक. शेंदूरजनाघाटचा, माळ्याचा मुलगा. घरचा संत्र्याचा बगीचा. पहिल्याच आठवड्यात मी त्याला पट्टी बांधताना पाहिलं आणि थांबलो. त्यानं पट्टी ओढली नाही, नुसती फिरवली, आणि ती बसली. हे कुठं शिकलास, म्हणून विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, 'संत्र्याची कलम बांधतो ना साहेब आमी. डोळा बसोला का अशीच सुतळी गुंडाळा लागते. कसून बांधली तं डोळा मरते, ढिली राह्यली तं हवा घुसते.' इतकं लांब वाक्य तो त्यानंतर महिनाभर बोलला नाही.

माझ्या शिकवण्यात एक धडा होता, तो मी पहिल्याच आठवड्यात द्यायचो. गोळा पडला आहे, बरेच जण जखमी आहेत आणि तुम्ही एकटे आहात. कोणाकडे आधी जाल? नवी पोरं नेहमी एकच उत्तर देत: जो जास्त ओरडतोय त्याच्याकडे. मी फळ्यावर खडू आपटायचो. चूक! ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, छातीत दम आहे, डोकं शुद्धीवर आहे. त्याला थांबता येतं. जो गप्प पडलाय त्याची जीभ घशात गेली असेल, रक्त वाहून चाललं असेल. त्याला थांबता येत नाही. कान बंद करा आणि डोळे उघडे ठेवा. गप्प आहे त्याच्याकडे आधी. मग मैदानात आम्ही त्याचा सराव घ्यायचो. अर्ध्या पोरांना लाल शाई फासून आडवं करायचं, काहींनी बोंबा मारायच्या, काहींनी निपचित पडायचं आणि उरलेल्यांनी धावत येऊन बरोबर माणूस निवडायचा. हा धडा बरोबर आहे. आजही मला विचाराल तर मी हेच सांगेन.

आणि मग आम्हाला काँगोत पाठवलं. शांतिसेना म्हणून गेलो होतो, पण तिथं शांती कुठंच नव्हती. देश नुकताच स्वतंत्र झालेला, गोरे डॉक्टर बायकामुलांसकट निघून गेलेले, इस्पितळांत खाटा आणि माशा तेवढ्या उरलेल्या. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती लाल माती बघवत नाही. सगळीकडे तांबडा फुफाटा, कपड्यांत, दातांत, डाळीत. आणि माणसाहून उंच वारुळं. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा वासुदेवनं गाडी चालू असतानाच माझी बाही ओढली.

'साहेब, एवढालं वारूळ! याच्यात नाग केवढा असन?'

'नाग नसतो रे. वाळवीच असते नुसती.'

त्यानं जरा विचार केला. 'मंग वाळवी केवढी असन!'

मी मोठ्यानं हसलो. तो हसला नाही, त्याला खरीच काळजी वाटली होती.

त्या सबंध तुकडीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच. मी मेजर, तो शिपाई. चारचौघांत आमचं बोलणं हिंदीत आणि मोजकं. पण संध्याकाळी कामं आटोपली की तो औषधांची पेटी पुसायचं निमित्त काढून माझ्या तंबूशी यायचा. पेटी स्वच्छ असायची, मी तसं बोलून दाखवत नसे. मग एखादं वाक्य यायचं. 'आता आपल्या तिकडे आंबिया बहाराचं संत्रं मोठं झालं असन. फांद्याले बांबूचे टेकू द्या लागत असतीन.' मी हूं म्हणायचो. 'बाबा एकला काय काय करन?' मी पुन्हा हूं म्हणायचो. अकोल्याच्या वकिलाच्या मुलाला टेकूतलं काय कळणार? पण ती भाषा कानावर पडली की दिवसभराचा शीण उतरायचा. आई गेल्यापासून माझ्याशी 'तुमाले, आमाले' करून कोणी बोललं नव्हतं.

तिथल्या इस्पितळातल्या स्थानिक पोरांनाही आम्ही शिकवत होतो. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्यांची. मी हातवारे करून घामाघूम व्हायचो. वासुदेव आपला एखाद्याचा हात हातात घ्यायचा आणि पट्टी फिरवून दाखवायचा, मग सोडवायचा, मग त्याच्याकडून करून घ्यायचा. एकही शब्द नाही. ती पोरं त्याच्या भोवती गर्दी करत. मला मनातून बरं वाटायचं, आणि थोडा हेवाही. मास्तराला आपला विद्यार्थी आपल्यापेक्षा चांगला मास्तर निघाला की जे वाटतं ते.

तिथल्या बंडखोरांशी लढाई सुरू झाली तेव्हा तिथला पाऊस अजून आला नव्हता. एका शाळेत आम्ही जखमींचा तळ केला होता. बाकं एकाला एक जोडून त्यांवर माणसं निजवत होतो. दुपारी मी आत एकाच्या खांद्यातला तुकडा काढत असताना आवारात तोफगोळा पडला. खिडक्या आत आल्या. धूळ जरा बसल्यावर मी बाहेर धावलो. मघाशी स्ट्रेचर उतरवून घेणारी आमची माणसं जमिनीवर पडली होती.

फाटकाजवळ वासुदेव पालथा पडला होता आणि ओरडत होता. असं ओरडत होता की गोळ्यानं बधीर झालेल्या माझ्या कानांनाही ते स्वच्छ ऐकू आलं. 'साहेब! माह्या पायाले लागलं वो! लय दुखून राह्यलं! या ना वो साहेब!' वऱ्हाडीत ओरडत होता. मी वळून पाहिलं. पायाला रक्त दिसत होतं, फार नव्हतं. आवाजात दम होता. मी ओरडून त्याला म्हटलं, 'आलो रे, थांब थोडा!' आणि जे गप्प होते त्यांच्याकडे गेलो.

एकाची मान फाटली होती, तिथं बोटं दाबून धरली. दुसरा निळा पडत चालला होता, त्याला कुशीवर केलं, तोंडातली माती काढली, श्वास आला. तिसऱ्यासाठी काही करता आलं नाही. या सगळ्या वेळात वासुदेव ओरडत होता आणि मी हातानं काम करत मनाशी म्हणत होतो, ओरड बाबा, ओरड, तू ठीक आहेस. मग कधीतरी तो ओरडायचा थांबला. मी त्याच्यापाशी पोचलो, त्याला उताणा केला, तर पायाला नुसतं खरचटलं होतं. जखम पोटात होती. दोन्ही हातांनी त्यानं ती दाबून धरली होती आणि सगळं अंग जमिनीला टेकवून ती झाकली होती. खालची माती आधीच लाल, त्यामुळे लांबून काहीच कळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलला नाही. मी त्याचे डोळे मिटले.

मी डॉक्टर आहे, मला कारणं देता येतात. जबर धक्का बसलेल्या माणसाला आपल्याला नेमकं कुठं लागलंय ते कळत नाही. पोटात लागलेला पाय दुखतो म्हणतो. असं मी पूर्वी पाहिलं होतं. त्या दिवशी मी तेच धरून चाललो आणि पुढचे कित्येक दिवस तेच धरून होतो. संध्याकाळी आम्ही त्याला तिथल्याच मातीवर अग्नी दिला. इस्पितळातली ती स्थानिक पोरं आली होती. त्यातल्या एकानं पुढं होऊन माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पौषात मी परत आलो. बदनेऱ्याला उतरलो, अमरावतीला सासुरवाडीत एक दिवस काढला आणि एस.टी.नं शेंदूरजनाघाटला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचा तो सगळा मुलूख त्या दिवसांत संत्र्यांनी भरलेला असतो. रस्त्याला टोपल्यांच्या बैलगाड्या, हवेत तोच वास. तो वास आजवर मला आवडत आला होता. बसमध्ये मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. डॉक्टर लोक नातेवाइकांना जे सांगतात तेच: त्याला काही कळलं नाही, त्रास झाला नाही, झोपल्यासारखा गेला.

वासुदेवचे आईवडील बगीच्यातच भेटले. वडील तुळशीरामजी, उंच, वाळलेले, डोक्याला मळकं पागोटं. आई झाडाच्या सावलीत बसून तोडलेली संत्री निवडत होती. डागी एकीकडे, चांगली दुसरीकडे. मी कोण ते सांगितल्यावर तुळशीरामजींनी पोतं अंथरलं. पाणी झालं, चहा झाला. कोणी घाई केली नाही.

'कागद आला थो आमी वाचून घेतला,' मग ते म्हणाले. 'पन तुमी तिथं होता. तुमी सांगा.'

मी सांगितलं. शाळा, आवार, गोळा. आईचे हात चालूच होते. संत्रं उचलायचं, फिरवून बघायचं, ठेवायचं.

'जातानी काही बोलला का थो?' तिनं मान वर न करता विचारलं.

माझी जुळवलेली वाक्यं त्या क्षणी कुठं गेली कोण जाणे. त्या मातीत, त्या भाषेत खोटं बोलणं मला जमेना. आणि खरं सांगितलं तर तिला थोडा आधारच होईल असं वाटलं, की परमुलखात त्याला हाक मारायला आपलं माणूस तरी होतं. मी म्हटलं, 'मला हाका मारत होता, माय. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. मोठमोठ्यानं ओरडत होता.'

तिचे हात थांबले.

'वासुदेव? वरडत होता?'

'हो.'

'मोठ्यानं?'

'हो.'

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आणि मग माझ्या देखत त्या बाईचा चेहरा उजळत गेला. मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत, पण त्या चेहऱ्याइतकं वाईट मी काही पाहिलेलं नाही.

'आवो, मंग थो आपला नोय!' ती उठून उभी राहिली. 'आपला वासुदेव कधी वरडला हो? तुमीच सांगा ना यायले! इच्चू चावला तं रातभर बसून राह्यला, तोंडातून हूं नाही का चूं नाही. झाडावरून पडला, हाताचं हाड मोडलं, तं हात धोतरात बांधून पायी घरी आला अन् म्हन्ते, माय, जराशीक हळद दे. वानरं हाकलाले बसोला तं डबा वाजवे, पन तोंडानं हाक देत नसे. थो काहून वरडन? साहेब, थो दुसऱ्याचा कोनाचा असन हो!'

तुळशीरामजीही उभे राहिले होते. त्यांच्या आवाजात भीती होती, आशेची असते तशी. 'साहेब, तुमी तोंड पायलं त्याचं? रगत-माती असन. फौजेत दुसरा वासुदेव असू शकते.'

तोंड मी पाहिलं होतं, डोळे मी मिटले होते. पण त्या वेळी मी त्यांना उत्तर देत नव्हतो. मला आमचं सरावाचं मैदान दिसत होतं. एकदा लाल शाई फासून वासुदेवला आडवं केलं होतं, त्याला ओरडायचं काम दिलं होतं आणि त्याच्याकडून आवाजच निघेना. पोरं हसायला लागली. मी खेकसलो, 'बोंब मार रे! तू ओरडला नाहीस तर हे तुझ्याकडेच येतील आणि खरा गप्प पडलेला मरेल!' त्याला मी बराकीमागं पाठवलं होतं, ओरडायचा सराव करून ये म्हणून. थोड्या वेळानं तिकडून त्याचा आवाज आला, मोठा, अवघडलेला. मी म्हटलं होतं, शाबास.

पोट जमिनीला टेकवून पडणं, पाय म्हणून सांगणं, आणि सगळं वऱ्हाडीत, म्हणजे तिथं ते फक्त मलाच कळावं. धक्का नव्हता तो. त्याला नीट कळत होतं आपल्याला कुठं लागलंय. कदाचित हेही कळत असेल की पोटातली तसली जखम त्या आवारात कोणाच्यानं शिवून होणार नाही.

त्या दोघांना तसंच ठेवून मी निघून आलो असतो, तर ती दोघं आजही वाट बघत बसली असती. मी त्यांना खाली बसायला सांगितलं. ओरडणारा आणि गप्प पडलेला यांतला फरक सांगितला, फळ्यावर सांगतो तसा, फक्त सावकाश. मग तो का ओरडला ते सांगितलं. सांगताना माझं मलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू येत होतं.

ऐकून झाल्यावर तुळशीरामजी म्हणाले, 'म्हंजे हे तुमी शिकोलं त्याले.'

'हो.'

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शेजाऱ्याच्या वावराची हद्द कुठवर ते विचारून घ्यावं, तसं त्यांनी विचारून घेतलं.

'थे दुसरे वाचले?'

'दोघं वाचले. एक पंजाबचा, एक मद्रासकडचा.'

'लेकरंबाळं हायेत?'

'एकाला आहेत.'

त्यांनी मान हलवली आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तेवढ्यात वासुदेवची आई रडायला लागली. बातमी आल्यापासून ती रडली नव्हती, असं ते मला नंतर म्हणाले. कागद खोटा आहे म्हणून बसली होती. आजूबाजूच्या बगीच्यांतून बाया धावत आल्या आणि तिला धरून बसल्या. मी त्यांच्यापासून लांब, एका झाडाला टेकून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी विद्या नकोशी झाली. इतकी, की हात कापून टाकावेत असं वाटलं.

निघताना ती मला सोडायला बांधापर्यंत आली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. 'डाक्तरसाहेब, एक मागू का?'

'मागा ना, माय.'

'आता आनखीन कोनाच्या लेकराले हे शिकवू नोका.'

मी हात जोडले. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक गृहस्थ संत्रं सोलून खात होते, आग्रहानं मलाही फोडी देत होते. मी त्या घेतल्या आणि मुठीत धरून अमरावतीपर्यंत आलो.

रजा संपली आणि मी पुन्हा शिकवण्याच्या कामावर रुजू झालो. नवी तुकडी आली होती. पहिल्या आठवड्यात मी वर्गात गेलो, खडू हातात घेतला आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. तो धडा सोडून बाकी सगळं शिकवता आलं असतं. कोणी विचारलंही नसतं. पण मला मानेवर बोटं दाबून वाचवलेला तो पंजाबी दिसत होता, त्याची लेकरं दिसत होती, आणि समोर बसलेली ही पोरं उद्या कुठल्या ना कुठल्या आवारात एकटी उभी राहणार आहेत हेही दिसत होतं. त्या बाईला तोंड दाखवायची माझी लायकी त्या दिवशी संपली. मी शिकवलं. शब्दसुद्धा न बदलता शिकवलं. त्यानंतर दोन लढाया झाल्या, माझी किती पोरं कुठं कुठं गेली, आणि दर नव्या तुकडीला मी तेच शिकवत राहिलो, नोकरी सोडेपर्यंत.

त्या पहिल्या दिवशी धडा संपल्यावर मी सवयीनं विचारलं, 'समजलं?'

'समजलं, सर!' सगळी एका आवाजात म्हणाली.

त्यांच्यापैकी एकालाही ते इतकं चांगलं समजू नये, एवढंच मी खडू खाली ठेवता ठेवता मनात म्हणत होतो.